कागदातला कापूस

संपादकांनी माणूस पाठवून लेख मागितला, तेव्हा मी एकच अट घातली. माझ्या मराठीला हवी तितकी कात्री लावा, माझे ऱ्हस्वदीर्घ सुधारा, माझं तोंडाळ बोलणं छाटून टाका. पण या लेखात एका बाईची काही वाक्यं येतील, त्यांना हात लावायचा नाही. ती धड मराठी नाहीत, धड उर्दू नाहीत आणि कानडी तर नाहीतच. ती सुधारण्याचा उद्योग मी स्वतः एकदा करून बसलो आहे. त्याचं काय झालं तेच सांगायला हा लेख लिहितो आहे. संपादक म्हणाले, कबूल. बघू या.

माझा धंदा कागद लिहिण्याचा. म्हणजे दुसऱ्यांची पत्रं लिहिण्याचा. महाराज गादीवर आले त्याच सुमाराला मी नेसरीहून कोल्हापुरात आलो आणि मंगळवार पेठेत एका अत्तराच्या दुकानाच्या ओट्यावर घोंगडं टाकून बसलो. महाराज गेले त्या दिवशीही मी त्याच ओट्यावर होतो. दुकानाचा मालक म्हातारा अत्तार. त्याचं म्हणणं असं, की कागद लिहवायला येणारा माणूस घटकाभर बसतो, आणि बसला की अत्तराच्या वासानं कधीतरी हात पुढे करतो. मला सावली मिळाली, त्याला गिऱ्हाईक मिळालं. आमचं पटलं.

आम्ही लिंगायत. घरात कानडी, दारात मराठी. कानडी अक्षरं घरीच शिकलो, गावच्या पंतोजीनं छडीच्या जोरावर मोडी शिकवली, बाळबोध मी पोथ्यांवरून उचलली, आणि पस्तिशी उलटल्यावर या अत्तारानं मला फावल्या वेळात अलीफ बे गिरवायला लावलं. चार लिप्या येणारा कागदलिहिण्या तेव्हा आमच्या पेठेत दुसरा नव्हता. या गोष्टीचा मला भयंकर गर्व होता, हे आधीच कबूल करतो.

आजच्या मुलांना मोडी ठाऊक नाही म्हणून सांगतो. मोडी लिहिताना आधी कोऱ्या कागदावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची. काय लिहायचं ते ठरायच्याही आधी रेघ. मग त्या रेघेला अक्षरं टांगत जायची, बोरू शक्य तितका न उचलता. लिहून झालं की वर बारीक वाळू टाकायची, झटकायची आणि गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचून दाखवायचं. हे वाचून दाखवणं फार महत्त्वाचं. कारण तिथं माझी कारागिरी दिसायची. म्हस, भांडण, पोटदुखी असं काहीही माणूस सांगत असे, आणि मी ते धुऊन, इस्त्री करून त्याच्या पुढ्यात ठेवत असे. माणूस आपलंच बोलणं एवढं देखणं झालेलं ऐकून तोंड उघडं टाकून बघत राहायचा आणि म्हणायचा, "व्हय व्हय, मला आसंच म्हनायचं हुतं."

त्या काळी कोल्हापुरात माणूस कोणत्या अक्षरात लिहितो यावरून त्याची पंगत ठरायची. कचेरीत मोडी. शाळेच्या पुस्तकात बाळबोध. गडहिंग्लजकडून येणाऱ्या व्यापाऱ्यांच्या चिठ्ठ्या कानडीत. मशिदीलगतच्या शाळेत उर्दू. प्रत्येक अक्षराला आपली पंगत, आपला मान. लोक घरात जे बोलायचे त्याला मात्र कुठल्याच पंगतीत पाट नव्हता. मलाही त्यात काही वावगं वाटत नसे. बोलायचं ते बोलायचं, लिहायचं ते लिहायचं, अशी माझी समजूत होती.

ही समजूत एकदा एका पैलवानाच्या बायकोनं हलवून बघितली होती. पैलवान तालमीतला, मान नाही असा. बायको रुसून गडहिंग्लजला माहेरी गेलेली. ओट्यासमोर उभा राहून तो अख्ख्या पेठेला ऐकू जाईल असा सांगू लागला, "लिवा! म्हनावं, म्हस याली हाय, रेडी झालीया, आन् घरात भाकरी थापायला कोन न्हाय. ये म्हनावं की आता!" मी लिहिलं, 'आपल्या वियोगाने चित्तास क्षणमात्र स्वास्थ्य नाही, तरी कृपा करून शीघ्र येण्याचे करावे.' पैलवान खूश. पंधरवड्यानं तिचा भाऊ तो कागद परत घेऊन आला आणि माझ्यापुढं टाकून म्हणाला, "पावनं, आमची ताई म्हनती, ह्यो कागद कुनाच्या घरचा हाय? आमच्या धन्यास्नी म्हशीबिगर काय बोलाया येत न्हाय. त्यांचं डोस्कं बरं हाय न्हवं? सोत्ता येऊन बोलू द्या त्यास्नी." पैलवान गेला, म्हशीबद्दल बोलला आणि बायकोला घेऊन आला. मी ओटाभर हसलो. त्या बाईनं मला काय सांगितलं होतं ते मात्र कळलं नाही.

आता अमिनाबी.

पेठेच्या मागच्या बोळात पिंजाऱ्यांची चार घरं होती. त्यांतल्या एकात ही विधवा बाई राहायची. मूळची आमच्या नेसरीकडचीच, म्हणून मी तिचा गाववाला. नवरा गेल्यावर तिनं त्याची कमान स्वतः उचलली. बाईमाणसानं कमान धरून कापूस पिंजणं हे तेव्हाही नवलाचं होतं, पण ती कुणाच्या नवलाकडे बघणारी नव्हती. दिवसभर तिच्या कमानीची तात, म्हणजे तिला ताणून बांधलेली दोरी, तुंग तुंग वाजत राहायची, आणि तो आवाज माझ्या ओट्यावर इतका स्पष्ट यायचा की तो थांबला की मी मान वर करायचो.

तिची बोली ऐकायची म्हणजे एक वेगळाच प्रकार. त्या पिंजाऱ्यांच्या घरांत सगळे तसंच बोलत. बापजाद्यांनी फौजांबरोबर आणलेली दखनी, त्यात इथल्या मातीतली मराठी मिसळलेली, आणि सरहद्दीजवळ नांदल्यामुळं नाती आणि उद्गार कानडीतले. माझं नाव बसाप्पा, पण मला ती बसाण्णा म्हणायची. पुरे म्हणायचं तर 'साकू', जाऊ दे म्हणायचं तर 'होगली'. त्या घरांतलं तान्हं पोर जे पहिलं बोलत असे ते याच बोलीत, आणि मरताना माणूस पाणी मागत असे तेही याच बोलीत. पण त्या बोलीत लिहिलेला एक कागद कुणी कधी पाहिला नव्हता. ते माझ्याकडं यायचे, दखनीत सांगायचे, मी मराठी करून मोडीत लिहायचो. शंभर वर्षं असंच चाललं असेल.

अमिनाबीला एकच मुलगा, दस्तगीर. गावच्या शाळेत मोडी शिकलेला, अक्षर मोत्यासारखं. विशीत तो हैदराबादेला गेला आणि एका शिळाछापखान्यात राहिला. तिथं पुस्तकं दगडावरून छापत, त्यासाठी आधी अख्खं पुस्तक सुंदर हातानं लिहून काढणारा माणूस लागायचा. त्या कामासाठी एका उस्तादानं त्याला हाताखाली घेतलं. मोडीचा हात त्याला फारसी वळणात उपयोगी पडला असं तो सांगायचा. एका अर्थी तो माझ्याच धंद्यातला झाला होता.

दर महिन्या-दीड महिन्यानं अमिनाबी ओट्यावर यायची. मी लिहायचो, 'चिरंजीव दस्तगीर यांसी अनेक आशीर्वाद. विशेष.' ती ऐकायची, मान हलवायची, आणि कागदाची घडी घालायच्या आधी म्हणायची, "सबुर." मग कनवटीतून चिमूटभर पिंजलेला कापूस काढायची, मांडीवर हाताच्या एका ओढीत त्याचा करंगळीएवढा पेळू वळायची आणि घडीत ठेवायची. सूत कातायला पेळू वळतात तसाच, पण बारका. पिंजाऱ्यांची ही जुनी रीत. लिहिता न येणाऱ्या माणसानं कागदावर आपली खूण काय करावी? कुणी अंगठा उठवतो. हे लोक आपल्या हातचा कापूस ठेवत. प्रत्येकीचा हात वेगळा, वळण्याची ओढ वेगळी, आणि घरचा माणूस नुसता पेळू बघून सांगायचा, ही अम्मा, ही फुफी. उरलेला कापूस ती माझ्या दौतीत बोळा म्हणून घालायची. जुन्या दौतीत शाई सांडू नये म्हणून बोळा घालत. तेव्हा त्या काळात मी ज्यांची ज्यांची पत्रं लिहिली, त्या सगळ्यांची शाई अमिनाबीच्या कापसातून आलेली आहे.

पहिली तीन-चार वर्षं दस्तगीरची उत्तरं मोडीत यायची. मग एकदा उर्दूत आलं, फारसी अक्षरात. इतकं देखणं अक्षर मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मी वाचून दाखवलं. भाषा हैदराबादेच्या मोठ्या लोकांची, आदबीची, एकेका वाक्याला झालर लावलेली. अमिनाबीनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "अच्छा लिख्या है जी. पर बसाण्णा, इसमें मेरा दस्तगीर किधर है?"

मी म्हटलं, "अगं, हीच तुमची खरी भाषा. तू बोलतेस ती मोडकी."

हे माझ्या पदरचं नव्हतं. त्याच सुमाराला मशिदीजवळच्या शाळेत एक तरुण मास्तर आला होता. शिकलेला, कळकळीचा. पिंजाऱ्यांच्या पोरांना घराघरांतून ओढून शाळेत बसवायचा. त्याचं म्हणणं, आपली जबान उर्दू, ती नीट बोलायची आणि आपल्या अक्षरात लिहायची. दुसरीकडे पेठेतले काही जण त्या लोकांना सांगायचे, तुम्ही इथलेच, सरळ बाळबोधीत मराठी लिहा. दोघंही त्यांच्या भल्याचंच सांगत होते. अमिनाबीनं दोन्ही ऐकून एक दिवस मला विचारलं, "सबकी बोली कू अक्षर है. हमारी बोली कू अक्षर नै क्या जी?"

मी हसून म्हटलं, "तुझी बोली बोलायची. लिहायची न्हवं."

ती "होगली" म्हणाली आणि कापूस पिंजायला गेली. ते होगली मला आज जितकं ऐकू येतं तितकं त्या दिवशी आलं नाही.

आता माझी फुशारकी. पोरगा हैदराबादेहून एवढी सुंदर उर्दू लिहितो, आणि कोल्हापूरचा बसाप्पा त्याला मोडीत मराठी पाठवतो, हे मला लागलं. अत्तारानं मला पत्रलेखनाचं एक जुनं उर्दू पुस्तक दिलं. त्यात नमुन्याची पत्रं होती. बापानं मुलाला, मुलानं बापाला, परदेशी असलेल्या लेकराला आईनं. मी ते शेवटचं पत्र पाठ केलं, आठ दिवस गिरवलं, आणि पुढच्या खेपेला अमिनाबी आली तेव्हा तिचं बोलणं त्या नमुन्यात बसवलं. ती सांगत होती छप्पर गळतंय, शेजारणीच्या पायाला मुरगळा आलाय. मी लिहीत होतो, नूरे-चश्म, राहते-जान, म्हणजे डोळ्यांच्या उजेडा, जिवाच्या विसाव्या, दुनिया चार दिन की है, जो खुदा को मंजूर हो उस पर सब्र करना, सब्र का दामन हाथ से न छोड़ना. त्या पुस्तकातली आई फारच विरक्त होती. खाली लिहिलं, दुआगो, वालिदा, म्हणजे आशीर्वाद देणारी आई. अमिनाबीला वाचून दाखवलं. तिला निम्मं कळलं नाही, पण मी एवढा घाम गाळलेला बघून ती बिचारी मान हलवत राहिली.

मग तिनं कनवटीला हात घातला. मी म्हणालो, "राहू दे. असल्या कागदात कापूस शोभत नाही."

तिनं हात तसाच मागं घेतला. कापूस माझ्या दौतीत घातला आणि गेली. कागद टपालात पडला.

काही दिवसांनी सकाळी मी नुकतं घोंगडं अंथरलं होतं, तर समोर एक माणूस येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, कपडे गाडीच्या कोळशानं काळे, काखेत गाठोडं. मी गिऱ्हाईक समजून म्हटलं, "बसा, पावनं." तो बसला नाही.

"बसाण्णा," तो म्हणाला, "कवा गेली?"

मी ओळखलं. दस्तगीर. "कोण गेली रे?"

"अम्मा." त्यानं काखेतलं गाठोडं घट्ट आवळलं. "मला सगळं कळलंय. लपवू नगा. तो कागद अम्माचा न्हवता. अक्षर तुमचं न्हवतं. सब्र करा, दुनिया चार दिवसांची, असं कोन कवा लिवतं? मी म्हनलं, बसाण्णाच्यानं लिववलं न्हाई, म्हनून त्यांनी दुसऱ्या कुनाकडनं तरी लिवून घेतलं. आन् आत कापूस न्हवता."

त्याला माझं फारसी अक्षर माहीतच नव्हतं. मराठीतला बसाण्णा नाही, अम्माचा पेळू नाही, आणि सगळं पत्र सांत्वनाचं. त्यानं दुसरा काय अर्थ काढायचा? तो उस्तादाला न सांगता, लिहायला घेतलेली वही अर्धी टाकून, गाड्या बदलत धावत आला होता. आणि घरी जायचं धाडस होईना म्हणून आधी माझ्याकडं आला होता.

मला आधी हसू आलं. मग त्याचा चेहरा नीट बघितला आणि ते विरून गेलं. तेवढ्यात मागच्या बोळात कमानीची तात वाजायला लागली. तुंग, तुंग. दस्तगीरनं मान वळवली. गाठोडं खाली पडलं आणि तो ओट्याच्या पायरीवर बसला. त्या आवाजाकडं तोंड करून तो किती वेळ रडत होता मला माहीत नाही. म्हातारा अत्तार आतून पाणी घेऊन आला, पण त्यालाही पुढं करायचा धीर झाला नाही.

मी त्याला घरी घेऊन गेलो. अमिनाबी कापसाच्या ढिगात बसलेली, केसांवर, भुवयांवर कापूस. पोराला दारात बघून तिनं कमान खाली ठेवली आणि पहिलं वाक्य काय बोलली? "कायकू आया रे? काम छोडको आया क्या?" आणि मग त्याच्या गालाला हात लावून, "कित्ता सुक्या रे मेरा बच्चा."

माझ्याबद्दल दोघांनीही एक वाकडा शब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

तो आठ दिवस राहिला. एका दुपारी मी भीत भीत त्यांच्या घरी गेलो, कागद-बोरू घेऊन. म्हटलं, "अमिनाबी, आज तू सांग. तू बोलशील तसं लिहितो. एक अक्षर सुधारणार नाही." दस्तगीर माझ्याकडं बघत राहिला. म्हणाला, "बसाण्णा, मी दुसऱ्यांची मोठी मोठी पुस्तकं लिवतो. अम्माचं बोलनं कसं लिवायचं ते मला बी कुनी शिकवलं न्हाई." कोणत्या अक्षरात लिहायचं यावर आम्ही दोघं थोडं हुज्जत घालत बसलो. शेवटी अमिनाबीनंच तोडलं, "जो लिखते सो लिखो जी. मैं बोली सो लिखो, बस." मोडी दोघांनाही येत होती. मी रेघ ओढली.

पोरगा समोर बसलेला, आणि ती त्यालाच पत्र सांगत होती. तो कागद मी तेव्हाच उतरून घेतला, म्हणून इथं जसाच्या तसा देतो.

'दस्तगीर, मैं अच्छी हूँ. तू कैसा है बोल. पाऊस लय गिर्या, छप्पर गळता है, होगली, उसकू क्या करना. बाजू की अक्का का पाँव मुरगळ्या. तू खाया क्या नै खाया, येच मेरे जिव कू घोर है. परसो कमान की तात तुटी, मैं समजी तुझे कुछ हुआ. कुछ नै हुआ ना? नै बोलको लिख. साकू.'

मी वाचून दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी गिऱ्हाइकाला त्याचंच बोलणं वाचून दाखवत होतो. ती ऐकता ऐकता हसली, पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "अगे बाई, ये तो मैंच है!" मग तिनं पेळू वळला, घडीत ठेवला आणि कागद पोराच्या हातात दिला.

दस्तगीर परत गेला, पण उस्तादानं त्याला दारातूनच वाटेला लावलं. अर्धवट वही टाकून पळालेल्या माणसाला त्या धंद्यात कोण विचारतो? दुसऱ्या छापखान्यात त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली, आणि तिथला मालक असा की सुट्टीचं नाव काढायची सोय नाही. ते आठ दिवस हीच त्या मायलेकरांची शेवटची भेट ठरली. माझ्या एका देखण्या पत्राची ही करणी. मी कुणाला हे सांगितलेलं नाही, आज सांगतो.

त्यानंतर सहा-सात वर्षं मी अमिनाबीचं पत्र तिच्या बोलीत लिहिलं आणि दस्तगीर तिला तिच्याच बोलीत, मोडीत, उत्तर देत राहिला. हैदराबादेला पुस्तकं उर्दूत लिहायचा, आणि आईला हे. तिकडंच त्याचं लग्न झालं, पोरं झाली, तेही तिला या पत्रांतूनच कळलं. ते वाचून दाखवताना माझी जीभ सुरुवातीला अडखळायची. मग सवय झाली, मग गोडी लागली. दुसऱ्या पिंजाऱ्यांनी पाहिलं आणि तेही तसं सांगू लागले.

बातमी मास्तरापर्यंत गेली. तो ओट्यावर आला आणि मोठ्या सभ्यपणानं म्हणाला, "बसाप्पा, तुम्ही आमची थट्टा करताय का? कचेरीत आमची माणसं तोंड उघडतात तेव्हा लोक हसतात. मी पोरांची जीभ सरळ करायला जीव टाकतो आहे. ही बोली बोलून विरून गेली असती. तुम्ही लिहून ठेवलीत तर ती राहील." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. लोक हसत, हे मीही ऐकलं होतं. मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो, तोवर कापसाचं ओझं घेऊन उभी असलेली अमिनाबी बोलली, "मास्तर, तुम बच्च्यां कू सिकाव. मैं कब नको बोली? पर मेरे बच्चे कू मैं दुसरे के मुँ से हाक कैसी मारूँ?"

मास्तर तसाच शाळेकडं निघून गेला. पुन्हा कधी मला अडवायला आला नाही.

महाराजांच्या शेवटच्या वर्षांत शाळा फार वाढल्या. पोरं लिहू-वाचू लागली आणि आपापल्या आईबापांची पत्रं स्वतः लिहू लागली. माझं गिऱ्हाईक आटत गेलं. त्याचं मला वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटायचं. पण ती पोरं लिहायची ते शुद्ध मराठी किंवा शुद्ध उर्दू. पिंजाऱ्यांच्या बोळातली बोली पुन्हा तोंडातच राहिली, आणि हळूहळू तोंडातूनही कमी होत चालली.

त्याच काळात तापाची साथ आली. एका सकाळी मी दौतीत पाणी घालत होतो, आणि एकदम जाणवलं की तात वाजत नाही. मी मान वर केली. बोळातून मास्तर येत होता. तो जवळ येईपर्यंत मला सगळं कळलं होतं.

दफन झाल्यावर मास्तर माझ्यासोबत ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, "दस्तगीरला कळवायला हवं. मी उर्दूत लिहून देऊ का?" मग स्वतःच म्हणाला, "नको. तुम्हीच लिहा. तिच्या बोलीत लिहा. मला ती लिहिता येत नाही."

मी कागद घेतला. रेघ ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि बोरू तिथंच थांबला. मराठीत लिहू? इतक्या वर्षांनी तो मराठीतला बसाण्णा त्याला परका झालेला. उर्दूत? ते एकदा केलं होतं. तिच्या बोलीत? ती बोली मी तिच्या तोंडून उतरून घ्यायचो, आणि आता सांगणारं कुणी नव्हतं. 'तेरी अम्मा गई' हे शब्द ज्या तोंडचे ते तोंडच मातीत गेलं होतं. चार लिप्या येणारा मी, पण एक अक्षर टांगता आलं नाही. किती वेळ बसलो कोण जाणे, रेघेवरची शाई वाळून गेली.

शेवटी मी तो कागद तसाच दुमडला. नुसती रेघ असलेला. माझ्या हाताची रेघ तो ओळखेल, एवढी खात्री होती. घडी घालताना बोटं सवयीनं थांबली. त्या वेळी कापूस मी फुशारकीनं ठेवू दिला नव्हता. या वेळी नसलेला कापूस तसाच पाठवला.

महिन्याभरानं उत्तर आलं. मोडीत. आईच्या बोलीत. फक्त दोन ओळी होत्या.

'बसाण्णा, तुम लिखे सो पढ्या. अम्मा की कमान किसी कू देव नको, मैं आतौं.'

तो आला, बायकोपोरांसह आला, कमान घेऊन गेला. आता त्याची नातवंडं हैदराबादेत आहेत आणि चांगली उर्दू बोलतात असं ऐकतो. इथं पिंजाऱ्यांच्या बोळात मी कधीकधी उगीच जाऊन उभा राहतो. पोरं मला ओळखत नाहीत, "आजोबा, कोण पाहिजे?" असं शुद्ध मराठीत विचारतात. कुणीतरी एकदा 'होगली' म्हणेल, 'साकू' म्हणेल, म्हणून कान लावून उभा असतो. कुणी म्हणत नाही. मला त्या बाईची फार आठवण येते. तिच्या बोलीची तर त्याहून येते, कारण ती बोलायला आता माझ्याशी कुणीच उरलेलं नाही.

दस्तगीरच्या त्या पत्राबद्दल एक सांगायचं राहिलं. मी ते उघडलं तेव्हा घडीतून काहीतरी मांडीवर पडलं. करंगळीएवढा पेळू, जुना, पिवळट पडलेला. त्याची ओढ मी लगेच ओळखली. अमिनाबीच्या हातचा होता, कधीच्या तरी पत्रातला, त्यानं जपून ठेवलेला. पिंजाऱ्याच्या घरातून आपल्या माणसाला जाणाऱ्या कागदात असतो तसा तो त्यानं मला पाठवला होता. दौतीतला बोळा तेव्हा पार झिजला होता, नवा घालायला हवा होता. पण तो पेळू मी शाईत बुडवला नाही.